जोशी आणि जोग एकच?

मोठ्या कंपनीत एकाच माणसाची नोंद एचआरच्या यादीत असते, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ईमेलच्या सर्व्हरवर आणि दार उघडणाऱ्या कार्डातही असते. या सगळ्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ओळखणं, हे आयडेंटिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं पायाभूत काम. त्याबद्दल काही समज उगाच पक्के झालेत.

गैरसमज : नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच.
महाराष्ट्रात तरी यावर विसंबू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. एकाच नावाचे दोन पाटील, दोघांचाही जन्म कागदोपत्री १ जूनचा, हे सहज घडतं. उलट, लग्नानंतर बाईचं आडनावच नव्हे, मधलं नावही बदलतं. मग एकाच बाईच्या दोन नोंदी परक्या ठरतात.

गैरसमज : उच्चारावरून नावं जुळवली की स्पेलिंगची कटकट मिटते.
उच्चारावर चालणारी सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे साउंडेक्स. तिचं पेटंट अमेरिकेतलं, १९१८ सालचं. ती पहिलं रोमन अक्षर तसंच ठेवते, स्वर गाळते आणि उरलेल्या बहुतेक व्यंजनांना आकडे देते. त्यामुळे ‘वाघ’ डब्ल्यूने लिहिला तर डब्ल्यू-२००, व्हीने लिहिला तर व्ही-२००. एकाच आडनावाचे दोन कोड! आणि जोशी व जोग? दोघेही जे-२००. मराठी आडनावांपुढे तिने हात टेकले तर नवल नाही.

गैरसमज : कर्मचारी क्रमांक असला की प्रश्नच नाही.
यादी एक्सेलमध्ये उघडली की ००४५७ चा ४५७ होतो. कंत्राटी माणूस कायम झाला की बहुधा नवाच क्रमांक मिळतो.

गैरसमज : जितक्या जास्त नोंदी आपोआप जुळतील तितकं उत्तम.
हा सर्वांत महागात पडणारा समज. जुळायची राहिलेली नोंद बोंब मारते : लॉगिन होत नाही, तक्रार येते. चुकीची जुळलेली नोंद गप्प बसते. मग एका पाटलांनी राजीनामा दिला की दुसऱ्यांचं खातं बंद होतं, किंवा त्याहून वाईट, एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू लागतात. फेलेगी आणि सुंटर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच नोंदींचे तीन ढीग सुचवले होते : जुळलेल्या, न जुळलेल्या आणि माणसाने तपासायच्या. खर्च वाचवायला तिसराच ढीग आधी उडवला जातो.

सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एवढं विचाराच : चुकून जोडलेल्या दोन नोंदी पुन्हा सोडवता येतात का?