जलसंजीवनीतील साखर

पटकीच्या रुग्णाला नुसते पाणी पाजले तर ते अंगी लागत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यानेही फारसा गुण येत नाही. त्याच पाण्यात थोडी साखर विरघळविली की मात्र ते आतड्यातून रक्तात उतरू लागते. असे का व्हावे?

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असते. साखर पाण्याची सोबतीण. स्निग्ध द्रव्यातून तिला सहजी वाट मिळत नाही. तिची ने-आण पटलात रोवलेली काही प्रथिने करतात. तांबड्या रक्तपेशीवरील वाहकाची रीत साधी आहे. द्राक्षशर्करेचा, म्हणजे ग्लुकोजचा, रेणू त्याच्या पोकळीत बसला की प्रथिन आकार पालटते. बाहेरचे तोंड मिटते, आतले उघडते. साखर दाटीकडून विरळतेकडे जात असल्याने येथे शक्ती खर्चावी लागत नाही.

लहान आतड्याचे एवढ्यावर भागत नाही. तेथे उरलीसुरली साखरही टिपून घ्यावयाची असते, आणि ती पेशीतील साखरेहून विरळ असते. म्हणून तेथील वाहक साखरेच्या एकेका रेणूबरोबर सोडियमचे दोन विद्युद्भारित कण आत घेतो. पेशीच्या रक्ताकडील अंगाला असलेला पंप सोडियम सतत बाहेर फेकतो. त्यामुळे आत सोडियमचा तुटवडा राहतो. त्या ओढीने सोडियम आत येतो, साखरेलाही आणतो, आणि दोघांमागून पाणी येते. या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

पटकीचे विष आतड्यातून क्षार व पाणी बाहेर लोटते; या वाहकाला मात्र ते धक्का लावीत नाही. केवढी ही सवलत! १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत बनगाव येथे पटकी पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात केलेले पाणी रुग्णांना पाजण्याची व्यवस्था केली. ते पाजण्याचे काम पुष्कळदा नातलगच करीत. शेकडा तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्या खाली आले.

घरची साखरही चालते, कारण आतड्यात तिचे विघटन होऊन द्राक्षशर्करा मिळते. लिटरभर स्वच्छ पाण्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ पुरे. प्रेमापोटी साखर अधिक घातली, तर ती आतड्यातच उरते, उलट शरीरातील पाणी तिकडे ओढते, आणि जुलाब वाढतात.