इलेक्ट्रॉनिक बिडे सीट : विकत घेण्याआधी टेप काढा, बसवण्याआधी अर्थिंग बघा

बेळगाव : गुडघ्याचं ऑपरेशन झालेले वडील, खांदा धरलेली आई किंवा संधिवाताने बोटं वळत नाहीत असं कुणी घरात असेल, तर कमोडवर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक बिडे सीटचा विचार हल्ली बऱ्याच घरांत होतो. बटण दाबलं की कोमट पाण्याने धुऊन निघतं, हात मागे न्यावा लागत नाही आणि स्वच्छतेसाठी दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. जपानमध्ये टोटो कंपनीने १९८० साली 'वॉशलेट' बाजारात आणल्यापासून ही सोय तिथे घरोघर पोचली. आपल्याकडे मात्र सीट महाग, आणि ती कमोडवर बसलीच नाही तर पैसे अडकतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या.

माप कसं घ्यायचं?

जुनं झाकण उचला. मागे बोल्टची दोन भोकं दिसतील. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण १४ ते १६ सेंटिमीटर भरतं. मग भोकांच्या रेषेपासून कमोडच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी घ्या आणि जिथे कमोड सगळ्यात रुंद आहे तिथली रुंदी घ्या. चौथं माप लोक विसरतात : भोकांपासून मागच्या फ्लश टाकीपर्यंत किंवा भिंतीपर्यंत जागा किती? इलेक्ट्रॉनिक सीटची मशीन मागच्या बाजूलाच असते. तिथे जागा कमी पडली की सीट बसत नाही, किंवा झाकण उभं राहत नाही.

आकारही बघा. लांबट गोल, आखूड गोल आणि चौकोनी असे कमोड येतात. चौकोनी कमोडवर गोल सीट बसवली तर कोपरे उघडे राहतात. भिंतीला टांगलेल्या कमोडला खालून नट लावता येत नसेल, तर वरून आवळायचे बोल्ट लागतात. ही सगळी मापं कागदावर लिहा आणि मॉडेलच्या नकाशाशी ताडून बघा. दुकानदार 'बसतंय हो' म्हणाला एवढ्यावर पैसे देऊ नका.

पाण्याचा दाब

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. बऱ्याच मॉडेलना किमान ०.५ ते ०.७ बार दाब लागतो. टाकीतल्या पाण्याची पातळी सीटपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. ३ मीटर असेल तर ०.३ बारच. म्हणजे बैठ्या घरात, स्लॅबवर टाकी असेल, तर धार नुसती ठिबकेल. अशा घरात प्रेशर पंपाचा खर्च आधीच धरा, नाहीतर कमी दाबावर चालणारं मॉडेल शोधा.

बोअरच्या जड पाण्याने हीटरवर आणि नोझलवर खार चढतो. पाणी शिरतं तिथली जाळी अधूनमधून काढून धुवायची. जोडणी गार पाण्याच्याच लाईनला करायची, गिझरच्या नाही.

वीज : इथे काटकसर नको

बाथरूममध्ये ओली फरशी, ओले पाय आणि त्यात वीज. म्हणून तीन पिनचा, अर्थिंग असलेला, झाकणाचा पॉइंट हवा आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. दारातून ओढलेली एक्स्टेंशन वायर अजिबात चालणार नाही. लगेच पाणी गरम करणारी काही मॉडेल १५०० वॅटपर्यंत वीज घेतात. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर. सहाच्या साध्या पॉइंटवर हे ओझं घालू नका, १६ अँपिअरचा घ्या. सीटची वायर लहान असते आणि एकाच बाजूने येते. कुठल्या बाजूने ते बघूनच पॉइंट काढा. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनचंच.

परदेशातला नातेवाईक सीट पाठवतो म्हणाला तर आधी व्होल्टेज विचारा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. आपल्या २३० वर ती जळेल.

बसवायची कशी?

१. अँगल कॉक बंद करा, फ्लश दाबून टाकी रिकामी करा.
२. जुनी सीट काढा, भोकांभोवतीची घाण पुसा.
३. नवी पट्टी बोल्टने सैल लावा, सीट सरकवून 'टक' आवाज येऊ द्या. कमोडच्या मध्यावर आणून मग बोल्ट आवळा.
४. अँगल कॉकवर टी-जोड लावा : एक नळी टाकीला, एक सीटला. टाकी भिंतीत असेल तर जेट स्प्रेच्या कॉकवरून पाणी घ्या. रबर वॉशर असलेल्या जोडाला टेप गुंडाळू नका; हाताने आवळून पान्याने पाव फेरा पुरे.
५. आधी पाणी सोडा. प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. गळती नाही याची खात्री झाल्यावरच प्लग लावा.
६. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लाईन लगेच तुटली पाहिजे.

बसल्याशिवाय धार येत नाही, कारण सीटमध्ये सेन्सर असतो. त्यामुळे नुसतं बटण दाबून 'मशीन बिघडली' म्हणू नका.

वापरताना

मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची जाणीव कमी झाली आहे त्यांच्यासाठी सीटची ऊब बंद किंवा सगळ्यात कमी ठेवा. कोमट वाटणाऱ्या सीटवर बराच वेळ बसूनही भाजतं आणि त्यांना ते कळत नाही. जुना जेट स्प्रे काढू नका. करंट गेला की तोच कामाला येतो.

शेवटी हिशेब. सीटची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. पॉइंट, आरसीसीबी, प्लंबर आणि लागला तर पंप धरून बेरीज करा. आपण सीमाभागातले लोक खरेदी कोल्हापुरात करतो आणि बसवतो बेळगावात किंवा निपाणीत. म्हणून बिल घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : आमच्या पिनकोडला सर्व्हिसचा माणूस येतो का? उत्तर बिलावर किंवा मेसेजवर लेखी घ्या.