दाढ उपटण्याची घाई नको



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला येणाऱ्या मंडळींत कोणीतरी गाल धरून बसलेला असतोच. विचारले की उत्तर ठरलेले, "साहेब, दाढ लई ठणकतीया. एकदा उपटून टाकली की मिटलं." असे मिटत नाही, हे आम्ही स्वतः दाढ घालवून शिकलो आहोत. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आमची खालची दाढ ठणकू लागली. दातांच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल केले, म्हणजे दाढेतली सडलेली नस काढून मुळातल्या नळ्या साफ केल्या आणि भरून बंद केल्या. ठणका थांबला. "पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या," असे त्यांनी बजावले होते. पण गळीत सुरू झाले, तोडणीचा कार्यक्रम मागे लागला. दाढ दुखत नव्हती, तेव्हा कॅपचे काम आम्ही हंगामानंतरवर ढकलले. पुढे माघात एका सभासदाच्या फडात उभे होतो. खिशात ब्रिक्स बघायचे यंत्र असूनही जुन्या सवयीने उसाची कांडी दाताने सोलायला गेलो आणि कट्ट आवाज झाला. दाढ उभी चिरली, ती थेट मुळापर्यंत. मग काढून टाकण्यावाचून इलाज उरला नाही. रूट कॅनालचा खर्चही पाण्यात गेला. चूक सर्वस्वी आमचीच.

दात आतून कसा जातो

दाताचे वरचे पांढरे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. मोडलेले हाड सांधते, पण हे कवच एकदा गेले की पुन्हा येत नाही. तोंडातले जंतू गोड आणि पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात व ते कवच खाते. आपण साखर पिकवणारी माणसे, म्हणून स्पष्टच सांगतो. साखर, गूळ, काकवी, जंतूंना सगळे सारखेच. किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंड गोड केले, याला महत्त्व जास्त. तासातासाला गोड चहा घेणाऱ्याचे दात लवकर जातात.

कांडी किडीने पोखरलेला ऊस वरून बरा दिसतो, बारीक भोक तेवढे असते. चिरला की आतले नुकसान कळते. दाढेचेही तसेच. वर काळा ठिपका, आत पोकळी. कीड लहान असताना नुसते सिमेंट भरून भागते. नसेपर्यंत गेली की रूट कॅनाल लागते.

कॅप कशासाठी

रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या भिंती पोखरून पातळ झालेल्या असतात. चावताना सगळा दाब त्यांवरच येतो आणि त्या फाकतात. शिवाय नस काढल्यामुळे दाढ दुखत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. आमचे तेच झाले. कॅप म्हणजे दाढेवर चारी बाजूंनी घट्ट बसणारी टोपी. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे काम करते, तेच ती करते. भिंती फाकू देत नाही.

मात्र प्रत्येक दाताला कॅप चालत नाही. हिरडीच्या वर दोन मिलिमीटरच्या आसपास तरी निरोगी दात शिल्लक हवा आणि मूळ जबड्यात घट्ट हवे. बुडखा निरोगी असेल तरच खोडवा येतो, कुजला असेल तर खत ओतून उपयोग नाही. चीर मुळात गेलेली किंवा दाढ हलत असलेली, तर कॅपचा खर्च वाया जातो. म्हणून आधी एक्स-रे काढतात. दिवस घालवले की ही संधी निघून जाते.

काम कसे चालते

बहुतेक ठिकाणी दोन खेपा होतात. पहिल्या खेपेला गरजेप्रमाणे जागा बधिर करून दाढ चोहोबाजूंनी दीड-दोन मिलिमीटरपर्यंत घासतात, माप घेतात आणि तात्पुरती कॅप लावतात. तोवर त्या बाजूने चिकट व कडक खाऊ नये. आठ-पंधरा दिवसांत पक्की कॅप तयार होऊन आली की ती सिमेंटने चिकटवतात. दात मिटल्यावर कॅप उंच लागत असेल तर संकोच न करता तिथेच सांगावे, घासून देतात. "होईल सवय" म्हणून घरी आलात तर ती दाढ दुखत राहते.

धातूची कॅप मजबूत, दात कमी घासावा लागतो, पण रंग धातूचा दिसतो. धातूवर चिनी मातीचा थर दिलेली पांढरी दिसते, तिचा टवका कधी उडतो. झिर्कोनियाची पांढरी आणि मजबूत, पण महाग. मागच्या दाढेला दिसण्यापेक्षा टिकणे पाहावे. रूट कॅनाल आणि कॅप यांचे पैसे बहुधा वेगळे असतात, म्हणून सुरुवातीलाच दोन्हींचा आकडा विचारून घ्यावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथेही चौकशी करता येते.

बसवल्यानंतर

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. सकाळी आणि रात्री झोपताना ब्रशने हिरडीची कड साफ करावी. नीट राखली तर कॅप दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही जास्त टिकते. निघून आली तर फेकू नये आणि घरच्या डिंकाने चिकटवू नये. डबीत घालून दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे न्यावी. मिशरी व तंबाखू सोडावी, त्याने दात झिजतात, हिरड्या जातात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. आणि ऊस कोयत्याने सोलून, बारीक गंडेऱ्या करून खावा.

उपटल्यावर काय होते, तेही सांगतो. आमच्या रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलली, वरची खाली उतरू लागली. आता त्या बाजूने भाकरी नीट चावत नाही. कृत्रिम दातांचा पूल बसवायचा तर शेजारच्या दोन चांगल्या दाढा घासाव्या लागतील. पुढे दुसऱ्या बाजूची दाढ बिघडली, तेव्हा मात्र गळीत चालू असताना दोन अर्धे दिवस रजा टाकून कॅप बसवली. तीवर आज सगळे जेवण चालले आहे.

शेवटी लेकरांविषयी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे जी दाढ येते, ती कायमची असते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि तीच आधी किडते. पोराच्या तोंडात एकदा उजेडात बघून घ्यावे.

ज्यांचे रूट कॅनाल होऊन कॅप राहिली आहे, त्यांनी हंगाम संपायची वाट पाहू नये, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी