मुलाखतीनंतरचा पत्रव्यवहार : आभारपत्र आणि स्मरणपत्र

४.१ प्रास्ताविक

अर्जलेखन आणि मुलाखतीची पूर्वतयारी यांचा परिचय आपण मागील घटकांत करून घेतला. मुलाखत संपते, 'आम्ही कळवू' असे सांगितले जाते, आणि त्यानंतर बरेचदा काहीच कळत नाही. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, व्यवसाय किंवा घरची शेती सांभाळून शिकत आहात. सध्याच्या ठिकाणी राजीनाम्याची पूर्वसूचना द्यावी की नाही, दुसरीकडून आलेली संधी स्वीकारावी की थांबावे, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. अशा वेळी संस्थेला काय, केव्हा आणि कोणत्या भाषेत लिहावे, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

४.२ चौकशी आणि याचना

विचारणा केली तर आपण लाचार दिसू, या संकोचाने पुष्कळ उमेदवार लिहीतच नाहीत. जे लिहितात त्यांच्यापैकी काहीजण 'माझी परिस्थिती हलाखीची आहे, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' अशी भाषा वापरतात. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : चौकशी आणि याचना यांत आपण फरक करीत नाही. 'कळवू' असे म्हणणाऱ्या संस्थेने शब्द दिलेला असतो. त्याची सभ्यपणे आठवण करून देण्यात कमीपणा नाही. पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला उमेदवार कोण, पद कोणते, मुलाखत केव्हा झाली आणि विचारणा नेमकी कशाची आहे, एवढेच हवे असते.

याची तयारी मुलाखतीच्या दिवशीच करावी. निघण्यापूर्वी 'निर्णय साधारण केव्हापर्यंत कळेल?' आणि 'चौकशी कोणाकडे करावी?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत व उत्तरे त्याच दिवशी टिपून ठेवावीत.

४.३ आभारपत्र

हे पत्र एकदोन दिवसांत, शक्यतो ई-मेलने पाठवावे. तीनचार वाक्ये पुरेत. मुलाखतीत एखादे उत्तर अपुरे राहिले असल्यास ते येथे एका वाक्यात पूर्ण करता येते. समजा, मुद्रितशोधकाच्या पदासाठी लेखनविषयक नियमांची संख्या विचारली आणि तुम्ही 'चौदा' एवढेच उत्तर दिले. पत्रात असे लिहिता येईल : 'शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या चौदा नियमांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली, हे सांगावयाचे राहून गेले.' आपली चूक स्वतः दुरुस्त करणारा उमेदवार मुद्रितशोधनाच्या कामास योग्य आहे, हे त्यातून आपोआप दिसते.

४.४ स्मरणपत्र

आधीच्या पत्राची किंवा दिलेल्या मुदतीची आठवण देणाऱ्या पत्राला कार्यालयीन व्यवहारात 'स्मरणपत्र' म्हणतात. संस्थेने सांगितलेली तारीख उलटून तीनचार कामाचे दिवस गेल्यावर ते लिहावे. तारीख सांगितलेली नसल्यास दोन आठवडे थांबावे. पुढील नमुना पाहा.

दिनांक : २४ जून २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
क्ष प्रकाशन संस्था, पुणे.

विषय : मुद्रितशोधक पदाच्या मुलाखतीच्या निर्णयाबाबत.
संदर्भ : दि. १० जून २०२४ रोजी झालेली मुलाखत.

महोदय,
स. न. वि. वि.

वरील संदर्भातील मुलाखतीस मी उपस्थित होते. निर्णय दि. १८ जूनपर्यंत कळविण्यात येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. अद्याप मला काही कळलेले नाही. सध्याच्या सेवेतून मुक्त होण्यासाठी एक महिन्याची पूर्वसूचना देणे मला बंधनकारक आहे. निवडीचा निर्णय झाला असल्यास तो, अन्यथा अपेक्षित दिनांक कळवावा, ही विनंती. या पदावर काम करण्याची माझी इच्छा कायम आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
अ. ब. क.

या पत्रातील 'संदर्भ' ही ओळ महत्त्वाची आहे. अनेक उमेदवारांच्या कागदपत्रांतून तुमची नोंद शोधणे तिच्यामुळे सोपे होते. पूर्वसूचनेचा उल्लेख विचारणेचे कारण सांगतो. तो दयेसाठी केलेला नाही. पत्रात तक्रारीचा सूर नाही आणि विचारणा एकच आहे. उत्तर न आल्यास आठवड्याभराने एकदा दूरध्वनी करावा. रोज फोन करणे टाळावे. त्यानंतरही मौन राहिले, तर ते आपल्या योग्यतेचे मोजमाप मानू नये. इतर अर्जांकडे वळावे.

४.५ शासकीय भरतीतील वेगळेपण

वरील विवेचन मुख्यतः खासगी संस्थांना लागू पडते. शासकीय भरतीत गुण व निवड यादी जाहीर केली जाते. तेथे मुलाखत मंडळाच्या सदस्यांना आभारपत्र पाठवू नये, त्यांच्याशी वैयक्तिक संपर्कही साधू नये. तो दबाव आणण्याचा प्रयत्न ठरू शकतो आणि त्यामुळे उमेदवार अपात्र होण्याचा धोका असतो. चौकशी जाहिरातीत दिलेल्या कार्यालयाकडेच करावी. आवश्यकता भासल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे.

४.६ सारांश

आभारपत्र मुलाखतीनंतर लगेच, तर स्मरणपत्र मुदत उलटल्यावर लिहावे. दोन्ही पत्रे संक्षिप्त, तपशिलाने अचूक आणि स्वाभिमान राखणारी असावीत. नकार आला तरी दोन ओळींत आभार मानावेत. पुढे जागा रिकामी झाल्यास ते पत्र आपली आठवण ठेवते.

४.७ स्वाध्याय

१. चौकशी आणि याचना यांतील भाषिक फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील पतसंस्थेत लिपिक पदासाठी मुलाखत होऊन तीन आठवडे झाले आहेत, अशी कल्पना करून स्मरणपत्र लिहा.