आळ मात्र ईएचटीवर

दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक निदान सांगून मोकळं होतं: "ईएचटी उडालाय, तेवढा बदलून द्या." नाशकात पंचवटी कारंजा काय किंवा निमाणी काय, जुन्या पिक्चर ट्यूबचं काम करणाऱ्या कुठल्याही माणसाने हे वाक्य ऐकलेलं असतं. पडदा काळा दिसला की दोष ईएचटीचा, म्हणजे हाय व्होल्टेज तयार करणाऱ्या त्या काळ्या ठोकळ्याचा, हे लोकांनी ठरवूनच टाकलेलं आहे. ठोकळा महाग, दिसायला गूढ आणि त्याची भीतीही वाटते, म्हणून आळ त्याच्यावर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो निर्दोष सुटतो.

तीन नळ्यांचा जुना प्रोजेक्टर समोर आला की हा गोंधळ तिप्पट होतो. लाल, हिरवी, निळी अशा तीन स्वतंत्र ट्यूब, ७, ८ किंवा ९ इंची. प्रत्येकीपुढे जाड भिंग, आणि बऱ्याच मॉडेलांत ट्यूब गार राहावी म्हणून तिच्या तोंडाशी ग्लायकॉलचं द्रावण. दोघांनी मिळून उचलायचं धूड. एकेकाळी व्हिडिओ हॉलमध्ये आणि कंपन्यांच्या सभागृहांत टांगलेली ही यंत्रं आता भंगारात मिळतात. त्यातला अस्सल काळा रंग आवडणारे काही हौशी लोक ती घरी आणतात, आणि पहिल्याच आठवड्यात एखादं यंत्र बंद पडतं.

"२३० व्होल्टचे २५ हजार करणारा ट्रान्सफॉर्मर"

असं काही तिथे होत नाही. ईएचटीला भिंतीतली वीज थेट मिळतच नाही. आधी पॉवर सप्लाय मेन्सचा डीसी करतो. रंगीत टीव्हीत त्यातून साधारण ११० ते १३० व्होल्टचा बी-प्लस निघतो. तो बी-प्लस हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर सेकंदाला १५,६२५ वेळा चालू-बंद करतो. २५ चित्रं गुणिले ६२५ रेषा, तोच हा आकडा. जुन्या टीव्हीची बारीक शिट्टीही हीच. ट्रान्झिस्टर बंद होताना वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं, हजारेक व्होल्टचा झटका तयार होतो, आणि ठोकळ्यातली वेटोळी व डायोड मिळून तो २५ हजारांवर नेतात. प्रोजेक्टरमध्ये हा आकडा ३० ते ३५ हजारांच्या घरात असतो.

म्हणजे ईएचटी या साखळीतला शेवटचा गडी आहे. बी-प्लस नसेल, ऑसिलेटर बंद असेल, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी ड्राय सोल्डर झालं असेल, तरी पडदा काळाच. यातली प्रत्येक गोष्ट साध्या मल्टिमीटरने आणि भिंगाने तपासता येते, आणि एवढं तपासण्याआधी नवा ठोकळा मागवणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करतोय असं खुशाल समजावं.

प्रोजेक्टरमध्ये आणखी एक मेख आहे. टीव्हीत आडवं स्कॅनिंग आणि हाय व्होल्टेज एकाच ट्रान्झिस्टरवर चालतं. बऱ्याच प्रोजेक्टरांत मात्र हाय व्होल्टेजचं वेगळं मॉड्यूल असतं, कारण सिग्नलप्रमाणे स्कॅनिंगची गती बदलते आणि हाय व्होल्टेज तर स्थिर हवं. टीव्हीवर हात बसलेला माणूस इथे चकतो तो यामुळे.

"निळा रंग गेला, म्हणजे निळ्या ट्यूबचं हाय व्होल्टेज गेलं"

तिन्ही ट्यूबना हाय व्होल्टेज एकाच मॉड्यूलकडून, एका स्प्लिटरमधून वाटलं जातं. ते बसलं तर तिन्ही रंग एकदम जातात. एकच रंग गेला असेल तर आधी त्या ट्यूबच्या मानेवरचा नेक बोर्ड बघायचा, हीटर पेटलाय का ते बघायचं, मग व्हिडिओ अॅम्प्लिफायर. स्प्लिटरमधून एखादी केबल निसटलेली असू शकते, नाही असं नाही, पण तो नंबर नंतरचा.

उलटही घडतं. एका ट्यूबच्या सीलमधून द्रावण झिरपून अॅनोडपर्यंत, म्हणजे हाय व्होल्टेज ट्यूबमध्ये शिरतं तिथपर्यंत, पोचलं की तिन्ही रंग जातात, कारण एकीने ओढलेला करंट सगळ्यांचं व्होल्टेज पाडतो. म्हणून प्रोजेक्टर उघडल्यावर तळाशी चिकट ओल आहे का, हे मीटर हातात घेण्याआधी डोळ्यांनी बघावं.

"चित्र फुगलं, म्हणजे व्होल्टेज वाढलं"

ब्राइटनेस वाढवला की चित्र चारी बाजूंनी पसरतं आणि पुसट होतं. बघणाऱ्याला पटकन वाटतं, दाब वाढला. झालेलं असतं नेमकं उलट. व्होल्टेज कमी पडलं की इलेक्ट्रॉनचा वेग घटतो, आणि सावकाश जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना कॉइल जास्त वाकवते. म्हणून चित्र मोठं. दोष बहुधा रेग्युलेशनचा किंवा वाळलेल्या कपॅसिटरचा. हाय व्होल्टेज खरोखर वाढलं तर चित्र आक्रसतं आणि उजळ होतं. ते जास्त वाईट लक्षण आहे.

"ठिणगी काढून बघितलं की कळतं"

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. जिथे आजही सीतागुंफा दाखवतात त्या पंचवटीतल्या घरांनी सीताहरण पाहिलं ते याच काचेच्या नळ्यांवर. त्या रविवारी सेट बंद पडलेला कुणाला परवडायचा नाही, आणि मेकॅनिकला घाई असायची. अॅनोडची टोपी काढायची, स्क्रू ड्रायव्हर जवळ न्यायचा, चर्रकन निळी ठिणगी पडली की "आहे, ईएचटी आहे." व्हॉल्व्हच्या सेटना हे खपून गेलं. ट्रान्झिस्टरच्या सेटना खपत नाही. ठिणगी पडताना करंट एकदम उसळतो, त्यात आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो किंवा ठोकळ्यातला डायोड फुटतो. म्हणजे तपासणीनेच नवा दोष जन्माला आला.

साधा मल्टिमीटर लावायचा तर विचारही करू नये. तो फार तर १,००० व्होल्टसाठी बनलेला असतो. ३० हजार त्याच्या आतून हातापर्यंत येतील. त्यासाठी लांब दांड्याचा हाय व्होल्टेज प्रोब असतो, ज्यात मोठाले रेझिस्टर दाब हजारपट खाली आणतात.

"कंटिन्युटी येते, म्हणजे ईएचटी ठीक" हाही असाच समज. वेटोळ्याचे दोनच फेरे एकमेकांत शॉर्ट झाले तर ओहममध्ये फरक दिसतसुद्धा नाही, पण ठोकळा कामातून जातो. त्याला रिंग टेस्ट लागते: वेटोळ्याला एक झटका द्यायचा आणि त्याची थरथर किती टिकते ते मोजायचं. चांगलं वेटोळं बराच वेळ वाजत राहतं, शॉर्ट झालेलं लगेच गप्प होतं.

"ट्रान्झिस्टर डुप्लिकेट होता"

बीयू ५०८ हा आउटपुट ट्रान्झिस्टर बसवला, सेट चालू केला, दहा मिनिटांत गेला. दुसरा बसवला, तोही गेला. मग बाजाराला शिव्या. बाजारात नकली माल असतो हे खरं, पण टेबलावर जरा नीट बघा. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरजवळ एक चपटा कपॅसिटर असतो, काही नॅनोफॅरडचा, अंगावर १,६०० किंवा २,००० व्होल्ट लिहिलेलं. ट्रान्झिस्टर बंद झाल्यावर येणारा झटका किती उंच जाईल ते हा ठरवतो. त्याची क्षमता घटली की झटका उंचावतो. बीयू ५०८ ची सहनशक्ती १,५०० व्होल्टची. त्यापलीकडे तो एका क्षणात मरतो. हा कपॅसिटर दहा-वीस रुपयांचा. एखाद्याने मागच्या दुरुस्तीत त्याच्या जागी हाताला लागला तो बसवलेला असतो, आणि पुढचे तीन ट्रान्झिस्टर त्याचं बिल भरतात. ड्राइव्ह अशक्त असेल तरी ट्रान्झिस्टर पुरता बंद-चालू होत नाही आणि तापून जातो. तिथे पुन्हा ते ड्राय सोल्डर. पायाभोवती केसाएवढी गोल चीर असते. तिरप्या उजेडात दिसते, सरळ उजेडात नाही.

नवा ट्रान्झिस्टर टाकल्यावर थेट मेन्सवर लावू नये. सिरीज बोर्ड काढावा. १०० वॉटचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये: क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर पुढे शॉर्ट आहे आणि तुमचा ट्रान्झिस्टर वाचला. प्रोजेक्टर जास्त वीज खातो, त्याला २०० वॉटचा बल्ब लागतो. बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. आणि तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, ही वेगळी तक्रार.

फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याबद्दल एवढंच, की मग तार राहते आणि बोर्ड जळतो.

"पावसाळ्यात कडकड होतेच, चालायचंच"

गोदाकाठाला श्रावणात भिंती ओल धरतात. गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं याच्या चर्चेत घरातल्या यंत्राकडे कुणाचं लक्ष नसतं. हाय व्होल्टेज धूळ ओढतं. वर्षानुवर्षांची ती काजळी कोरडी असेतो गप्प असते, ओल धरली की वीज वाहून नेते. खोलीतले दिवे घालवून, झाकणाच्या जाळीतून, हात न लावता बघितलं तर अॅनोडच्या टोपीभोवती जांभळट धूसर प्रकाश दिसतो, फसफस ऐकू येते आणि ओझोनचा तीक्ष्ण वास येतो. हा कोरोना. तो रबर हळूहळू खातो आणि एक दिवस ठिणगीला कायमची वाट करून देतो.

त्यावर काळी टेप गुंडाळणं हा लोकप्रिय उपाय. ती टेप फार तर काहीशे व्होल्टच्या वायरिंगसाठी असते. ३० हजारांपुढे तिचा टिकाव लागत नाही. यंत्र बंद करून, ट्यूब डिस्चार्ज करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच आणि टोपी पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, टोपीखाली सिलिकॉन ग्रीस लावायचं. चीर पडलेली टोपी किंवा केबल असेल तर बदलायची.

"प्रोटेक्शन काढलं की चालतो"

यंत्र चालू होतं, रिले टक् करतो, दोन सेकंदांत पुन्हा टक्, बंद. हा दोष नव्हे, पहारा आहे. हाय व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, करंट जास्त ओढला गेला किंवा स्कॅनिंग थांबलं, की तो यंत्र पाडतो. पहाऱ्याची वायर तोडली की प्रोजेक्टर "चालतो" खरा. पण स्कॅनिंग थांबलेलं असताना किरण एकाच रेषेवर खिळतो आणि फॉस्फर बघता बघता जळतो; त्या ट्यूबवर ती रेष मग जन्मभर दिसते.

व्होल्टेज वाढलेलं असेल तर प्रश्न क्ष-किरणांचा. पिक्चर ट्यूबमधून किरणोत्सर्ग होतो ही निव्वळ अफवा नाही आणि जुना सेट जवळ ठेवला की आजार होतो हेही खरं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकला क्ष-किरणांच्या गळतीमुळे हजारो रंगीत टीव्ही परत घ्यावे लागले, पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला. त्यानंतरच्या सेटांत शिसेयुक्त काच आणि व्होल्टेज वाढताच बंद पडणारी ही सर्किटं आली. ती जागेवर असली तर काळजी नको. बंद यंत्रातून तर काहीच बाहेर येत नाही.

"प्लग काढला, आता हात घाला"

पिक्चर ट्यूबची काच हाच एक कपॅसिटर आहे. आतबाहेर ग्रॅफाइटचा लेप, मध्ये काच. प्लग काढल्यावरही त्यात भार राहतो, आणि एकदा डिस्चार्ज केल्यावर काचेत मुरलेला भार थोडा वर येतो, म्हणून पुन्हा करावा लागतो. डिस्चार्जची वायर ट्यूबच्या बाहेरच्या लेपावरून गेलेल्या अर्थ वेणीला जोडायची, कुठल्याही ग्राउंडला नाही. टीव्हीतलं एखादं ग्राउंड मेन्सला जोडलेलं असू शकतं.

पण हिशोब करून बघा. मोठ्या रंगीत ट्यूबची क्षमता २ नॅनोफॅरड धरली तर २५ हजार व्होल्टला साठलेली ऊर्जा सुमारे ०.६ ज्यूल. शेजारच्या पॉवर सप्लायमधला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला ११ ज्यूलहून जास्त धरून बसतो, म्हणजे अठरा पटींच्या वर. ज्याला सगळे घाबरतात तो झटका हात फेकतो, आणि फेकलेला हात ट्यूबची मान तोडतो. ज्याला कुणी घाबरत नाही तो कपॅसिटर मात्र जीव घेऊ शकतो, आणि सप्लाय नादुरुस्त असेल तर तो बराच वेळ भरलेला राहतो, कारण तो रिकामा करणारं सर्किटच मेलेलं असतं. त्याला जास्त वॅटचा रेझिस्टर लावून सावकाश उतरवायचं आणि मीटरवर शून्य बघायचं. चालू यंत्रातलं हाय व्होल्टेज मात्र वेगळं. तिथे मागून पुरवठा सुरूच असतो. ते काम ज्याने हे शिकून केलंय त्याचं, तेही एकट्याने नाही.

"नाहीच झालं, तर फोडून तांबं काढू"

ट्यूबच्या फनेलच्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं शिशाचं ऑक्साइड असतं, आतल्या फॉस्फरची धूळ वेगळी, आणि निर्वातामुळे काच आत कोसळून तुकडे उडतात ते वेगळे. तांब्याच्या चार पैशांसाठी गल्लीत ट्यूब फोडायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवा. त्याआधी प्रोजेक्टरमधली भिंगं, फोकसचा ब्लॉक आणि चालू नेक बोर्ड काढून ठेवा. तसलंच मॉडेल घेऊन बसलेला दुसरा एखादा हौशी माणूस ते शोधतच असतो.