आईनं भाकरी केलं

काल मधल्या सुट्टीत नववीच्या वह्या तपासत होतो. एका वहीत वाक्य होतं: 'आईनं भाकरी केलं.' लाल पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

मी गडहिंग्लजला मराठी शिकवतो. कर्नाटकातलं संकेश्वर जवळच, त्यामुळं वर्गातली बरीच पोरं घरी कन्नड बोलतात.

आता गंमत बघा. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं. पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत मात्र तो भात, ती भाकरी, ते वरण! एकाच ताटात तिन्ही लिंगं. का, असं पोरांनी विचारलं की मीही खडू शोधायला लागतो.

दुसरी मेख क्रियापदाची. 'नानु रोट्टी तिंदे' म्हणताना कन्नड क्रियापद 'मी'कडे बघतं. मराठीत 'मी भाकरी खाल्ली', म्हणजे क्रियापद भाकरीमागं धावतं. हाच तो कर्मणी प्रयोग.

म्हणजे पोरगं चुकलं, पण डोकं लावून चुकलं.

हल्ली मी नवा शब्द फळ्यावर एकटा लिहीत नाही. 'ती वही', 'तो डबा' असा जोडीनंच. फरक पडतो, पण सावकाश. दहावीला लेखी ८० गुण, अंतर्गत २०. तिथं हे सगळं समजून घ्यायला परीक्षकाकडं वेळ नसतो.

सीमाभागातल्या शिक्षकांनो, तुम्ही काय करता? पालकांनाही काही विचारायचं असलं तर खाली लिहा. वह्यांचा गठ्ठा संपला की उत्तर देतो.