विश्लेषण : टर्बो गाडीतला ‘एएफआर’ मीटर का भरकटतो?

कर्वेनगर, पुणे : रिमॅप केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीत हौसेने एअर-फ्युएल रेशोचा, म्हणजे ‘एएफआर’चा मीटर बसवला जातो. काही महिन्यांनी त्यावरचा आकडा १२ ते १६ असा उड्या मारू लागला, की मॅप बदलायचा की सेन्सर, असा प्रश्न पडतो. दोन्हींची घाई महागात पडू शकते. खोट्या आकड्यावर विसंबून इंधन कमी केले, तर पूर्ण बूस्टवर पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. म्हणून आधी आकडा खरा आहे का, हे तपासावे लागते.

मीटर नेमके काय मोजतो?

मीटर पेट्रोल मोजत नाही. सायलेन्सरच्या पाइपमधला वाइडबँड सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो आणि त्यावरून ‘लॅम्डा’ काढतो. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि इंधन नेमके जुळलेले. १ पेक्षा जास्त म्हणजे ‘लीन’ (हवा जास्त), कमी म्हणजे ‘रिच’ (इंधन जास्त). धुरात बाहेरून हवा शिरली किंवा एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तरी तिथला ऑक्सिजन वाढतो. इंधन पुरेसे असूनही मीटर ‘लीन’ दाखवतो.

ई-२० पेट्रोलमुळे आकडा बदलतो का?

शुद्ध पेट्रोलसाठी नेमके प्रमाण १४.७ भाग हवेला एक भाग इंधन. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी ते साधारण १३.५ होते. पण मीटर लॅम्डाला १४.७ने गुणून आकडा दाखवत असेल, तर ई-२० वरही लॅम्डा १ असताना १४.७च दिसेल. त्यामुळे वाचन लॅम्डामध्येच करणे सोयीचे. जुन्या पेट्रोलवर बसवलेला मॅप मात्र पूर्ण बूस्टवर कमी पडू शकतो, कारण ई-२० ला वजनाने सुमारे ९ टक्के जास्त इंधन लागते.

आकडा कधी बिघडतो, यावरून काय कळते?

निदानाची खरी किल्ली इथे आहे.

– आयडलिंगला लीन, वेग वाढल्यावर ठीक : सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडात गळती असू शकते. दोन स्पंदनांच्या मध्ये पाइप बाहेरची हवा ओढतो. जास्त धूर वाहू लागला की हा परिणाम कमी होतो.

– आयडलिंगला लीन, बूस्टवर रिच : एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत थ्रॉटलच्या पुढच्या भागात गळतीचा संशय घ्यावा. आयडलिंगला तिथून न मोजलेली हवा आत येते. बूस्टवर मोजलेली हवा बाहेर जाते, पण तिच्या हिशेबाचे पेट्रोल मात्र पडते.

– वरच्या आरपीएमला हळूहळू लीन : पेट्रोल पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर अपुरा पडत असेल. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत ३ बारचा दाब १ बार बूस्टवर ४ बार व्हायला हवा.

– भार येताच झटक्याने लीन आणि गाडी मिसिंग मारते : आधी प्लग आणि कॉइल पाहा.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर आकडा २०च्या वर गेला, तर घाबरू नये. त्या वेळी ईसीयू इंधनच बंद करतो.

सेन्सर आणि वायरिंगचे काय?

सेन्सर सुमारे ७८० अंश सेल्सिअसला काम करतो. इंजिन ऑइल, कूलंट किंवा सिलिकॉन सीलंटच्या वाफेने तो खराब होतो. टर्बोच्या आधी बसवला, तर तिथल्या उष्णतेने आणि दाबाने वाचन चुकते; त्याची जागा टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये. मीटर आणि लॅपटॉपवरच्या लॉगमधला आकडा जुळत नसेल, तर अर्थ तपासावा. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० एएफआर अशी रचना असेल, तर अर्थमधला ०.३ व्होल्टचा फरक आकडा ०.६ने हलवतो. १२ चा १२.६ दिसायला एवढे पुरते.

तपासणीचा क्रम कोणता?

स्वस्त आणि सोपे आधी. दोष सापडेपर्यंत पूर्ण बूस्ट देऊ नये. आरपीएम, बूस्ट, इंधनाचा दाब आणि लॅम्डा यांचा एकत्र लॉग घ्यावा. मग प्लग-कॉइल, इनटेकची धूर सोडून चाचणी, सायलेन्सरचे जोड, इंधनाचा दाब, अर्थ आणि शेवटी सेन्सर. मीटरच्या पुस्तिकेत सांगितले असेल, तर सेन्सर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करावे. हे सगळे ठीक निघाले, तरच मॅपला हात लावावा.

कायदा काय सांगतो?

वाहन मूळ रचनेपेक्षा वेगळे करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी कलम १८२अ(४) मध्ये मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. गाडी ट्रॅकसाठी असेल, तर प्रश्न वेगळा. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी पैसे मोजण्याआधी हे कलम वाचलेले बरे.